सिसिलीचें अंजिराचें पक्वान्न

जगांतील बहुतेक गोड पदार्थ आतां डब्यांत बंद होऊन कोठेंही जातात. स्वित्झर्लंडचें चॉकलेट आपल्या तालुक्याच्या गांवीं मिळतें, आणि बंगालचा रसगुल्ला पाकासकट समुद्रापार जातो. अशा काळांत एखादें पक्वान्न त्याच्या मुलखाबाहेर सहसा सांपडत नाहीं असें कोणी सांगितलें, तर प्रथम वाटतें कीं, त्यांत एखादा दुर्मिळ जिन्नस पडत असावा. ज्या पक्वान्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों, त्याची गोष्ट तशी नाहीं. त्यांतील बहुतेक जिन्नस पुण्यामुंबईच्या बाजारांत विकत मिळतात. तरीही तें पक्वान्न मिळत नाहीं. असें कां व्हावें, हें पाहण्यासारखें आहे.

हें पक्वान्न सिसिली बेटाचें होय. इटलीचा नकाशा बुटाच्या आकाराचा आहे हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्या बुटाच्या टोंकाशीं जें तिकोनी बेट दिसतें तें सिसिली. भूमध्य समुद्रांतील सर्व बेटांत तें मोठें असून त्याचा विस्तार आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या सुमारें दीडपट आहे. तेथें पाऊस मुख्यतः हिवाळ्यांत पडतो व उन्हाळा कोरडा आणि कडक असतो. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवावी. अंजिराचा सगळा संसार तिच्यावर चालतो. तेथील बोलींत ह्या पक्वान्नास कुच्चिदाती म्हणतात, व इटालियन भाषेंत बुच्चेल्लाती. जुन्या रोमन सैन्यांत शिपायांस जी कडक भाकरी शिध्यांत मिळे, तिचें लॅटिन नांव बुच्चेल्लातुम असें होतें. त्याच शब्दाचें हें वंशज. शिपायाची कोरडी भाकरी आणि सणाचें पक्वान्न यांना एकच नांव मिळावें हा भाषेचा एक गमतीचा खेळ आहे.

आधीं फळाकडे वळूं. अंजीर हें वड, पिंपळ व उंबर यांच्या कुळांतलें. दुर्मिळ वस्तूस आपण उंबराचें फूल म्हणतों; परंतु उंबराला किंवा अंजिराला फूल नसतें असें नव्हे, तें आंत असतें इतकेंच. विद्यार्थ्यांनीं एक ताजें अंजीर उभें चिरून भिंगाखालीं धरावें. ज्याला आपण फळ म्हणतों ती वास्तविक एक मांसल पिशवी असून, तिच्या आंतल्या अंगास शेंकडों बारीक फुलें दाटीनें लागलेलीं दिसतील. देठाच्या उलट टोंकास एक सूक्ष्म छिद्र असतें. अंजिराच्या कांहीं जातींत ह्या छिद्रावाटे एक चिमुकली गांधीलमाशी आंत शिरते व परागकण पोंचविते, तेव्हांच फळ धरतें. एरवीं तें कच्चेंच गळून पडतें. स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील इझमीर, येथील नामांकित अंजिराची जात अशीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत तीं झाडें हौसेनें लावण्यांत आलीं. झाडें वाढलीं, फळें मात्र वर्षानुवर्षें गळतच राहिलीं. शेवटीं १८९९ सालीं अल्जीरियांतून आणलेली ती माशी तेथें नांदूं लागली, तेव्हां कोठें मळे फळास आले. पुष्कळ जातींना मात्र ह्या पाहुणीची गरज लागत नाहीं; आपल्या पुरंदरचें अंजीर त्यांपैकींच होय.

ताज्या अंजिराचा मोठा दोष हा कीं, तें टिकत नाहीं. साल नाजूक, रस भरपूर. झाडावरून उतरल्यावर दोनतीन दिवसांत तें आंबूं लागतें. शंभर ग्रॅम ताज्या अंजिरांत सुमारें ७९ ग्रॅम पाणी व १६ ग्रॅम साखर असते. तेंच वाळविलें म्हणजे शंभर ग्रॅमांत पाणी ३० ग्रॅमवर येतें व साखर ४८ ग्रॅमच्या आसपास जाते. इतक्या दाट साखरेंत बुरशीस व जंतूंस सहसा वाढतां येत नाहीं, म्हणून सुकें अंजीर महिनेच्या महिने राहतें. सिसिलींत अंजीर उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतें, आणि त्या वेळीं आकाशांत ढग नसतो; वेताच्या ताट्यांवर फळें पसरावीं, दिवसा उलटवावीं, दंव पडण्यापूर्वीं आंत घ्यावीं, एवढेंच काम. ही युक्ति फार जुनी. पवित्र शास्त्रांत अबीगईल दावीदाच्या भेटीस निघते, तेव्हां तिनें बरोबर घेतलेल्या शिधासामग्रींत अंजिराच्या दोनशें ढेपा असल्याचें विद्यार्थ्यांनीं वाचलेंच असेल. ढेप म्हणजे सुकीं अंजिरें दाबून केलेली वडी. गुळाची ढेप ज्यांनीं पाहिली आहे त्यांस अधिक सांगणें नको.

तेव्हां फळ प्रवासास तयार आहे. अडचण फळाची नाहीं. मग पक्वान्नच मागें कां राहिलें?

त्याची घडण पाहिली म्हणजे अर्धें उत्तर मिळतें. कुच्चिदाती म्हणजे सारण भरून भाजलेली गोड पोळी. पण सारण असें कीं, त्यांत बेटाचा सगळा इतिहास येऊन बसला आहे. अंजीर, बदाम, अक्रोड, मनुका व मध हे भूमध्य किनाऱ्याचे जुने रहिवासी. नवव्या शतकांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरब आले. ८३१ सालीं त्यांनीं पालेर्मो शहर घेतलें, आणि पुढील सुमारें दोन शतकांच्या अमलांत ऊंस, लिंबू व कडवट संत्रें यांची लागवड बेटांत रुजली. संत्र्याची साखरेंत मुरवलेली साल व आग्ऱ्याच्या पेठ्यासारखा एक भोपळ्याचा मुरंबा सारणांत पडतो, त्याचें मूळ ह्या काळाकडे जातें. दालचिनी व लवंग पूर्वेकडून व्यापाऱ्यांच्या हातीं आलेलीं. दालचिनी तर सिंहलद्वीप व मलबार यांची, म्हणजे एका परीनें आपलीच. बेट पुढें स्पेनच्या राजसत्तेखालीं गेलें व स्पेनच्या जहाजांतून अमेरिकेचें चॉकलेट युरोपांत आलें. कित्येक घरीं त्याचेही बारीक तुकडे सारणांत घालतात. वर थोडें मार्साला नांवाचें तेथलेंच मद्य. ह्यांतील कोणताही एक जिन्नस गाळला तरी पक्वान्न होतें, पण ज्या घरीं तो घालतात त्या घरचें तें राहत नाहीं. आम्हांस वाटतें, येथेंच गोष्टीचें मर्म आहे. त्याची अमुक एक अशी कृति नाहीं. गांवागणिक, किंबहुना घरागणिक, ती निराळी आहे, आणि प्रत्येक घरास आपलीच खरी वाटते. पुरणपोळींत गूळ कीं साखर, ह्यावरून आपल्याकडे जे वाद होतात ते आठवावे.

करण्याचा खटाटोप मोठा. सुक्या अंजिरांचे देठ एकेक करून खुडावे लागतात. तो राहिला तर दातांत येतो. मग अंजिरें कोमट पाण्यांत किंवा मद्यांत मऊ करून, मनुकांसह कुटावीं किंवा यंत्रांतून काढावीं. हें काम चिकट असतें व यंत्राचें पातें वारंवार अडतें. त्यांत भाजलेल्या बदामाक्रोडांचा जाडसर कूट, साल, मध व मसाला घालून तें सारण निदान एक रात्र, पुष्कळदां कित्येक दिवस, मुरत ठेवितात. न मुरलेल्या सारणांत प्रत्येक जिन्नस वेगळा बोलतो. दुसऱ्या दिवशीं मैदा, साखर, अंडें व डुकराची चरबी यांची कणीक मळतात. ती खुसखुशीत झाली पाहिजे, परंतु सारणाच्या ओल्या भारानें फुटतां कामा नये. तिची लांब पट्टी लाटून तींत बोटाएवढी जाड सारणाची वळकटी ठेवायची, पट्टी गुंडाळून कडा दाबायच्या, आणि दोनतीन बोटें रुंदीचे तुकडे कापायचे. साध्या घरीं एवढ्यावर भागतें. पण कुशल हात तुकड्याच्या पाठीवर धारदार सुरीनें चिरा देतात, म्हणजे भाजतांना त्या उमलून आंतलें काळसर सारण जाळीसारखें दिसतें. कोणी तो तुकडा वांकवून नालासारखा करितात, कोणी फुलासारखा. पालेर्मो भागांत हेंच पक्वान्न एका मोठ्या कड्याच्या आकाराचें करितात व वर साखरेंत मुरवलेलीं फळें आणि पिस्ते जडवितात. भाजून निवल्यावर लहान तुकड्यांवर पिठीसाखरेचा पातळ लेप देतात व तो ओला आहे तोंच रंगीत बारीक साखरदाणे शिंपडतात. आपल्या लग्नसमारंभांतील रंगीत बडीशेपेची आठवण व्हावी असा तो थाट असतो.

सिसिलीच्या समोर, अरुंद सामुद्रधुनीच्या पलीकडे, इटलीच्या मुख्य भूमीवर रेज्जो कालाब्रिया नांवाचें शहर आहे. तेथें नाताळांत पेत्राली नांवाचें असेंच पक्वान्न होतें. सारणांत अंजीर, अक्रोड, बदाम, संत्र्याची साल आणि आटवलेला द्राक्षरस. त्याचा आकार मात्र अर्धचंद्राचा. चित्र पाहिल्यास आपल्या वाचकांस ती भाजलेली करंजीच वाटेल. गोव्याच्या ख्रिस्ती घरीं नाताळांत नेवऱ्या होतात, आणि आपल्या महाराष्ट्रांतील ख्रिस्ती घरींही करंज्यांवांचून नाताळचा फराळ पुरा होत नाहीं. ह्यावरून कोणी एकमेकांचें नातें जोडूं नये. पोळींत सारण घालून ती दुमडावी ही कल्पना अनेक ठिकाणीं स्वतंत्रपणें सुचण्याजोगी आहे. तथापि पेत्राली करणाऱ्या बाईस करंजीची कड मुरडतांना पाहिलें तर काय चाललें आहे हें सांगावें लागणार नाहीं, हें मात्र खरें.

आतां उत्तराचा दुसरा अर्धा भाग. हें पक्वान्न रोजच्या खाण्याचें नव्हे, दिवसाचें आहे. सिसिलींत तें नाताळांत होतें. आणि सिसिलीहून परदेशीं गेलेल्यांच्या घरीं संत योसेफाच्या सणाशीं, म्हणजे १९ मार्चशीं, त्याची विशेष गांठ पडली. एकदां बेटांत मोठें अवर्षण पडलें असतां लोकांनीं संत योसेफाचा धांवा केला, पाऊस आला, आणि तेव्हांपासून त्याच्या नांवानें अन्नदान सुरू झालें, अशी दंतकथा आहे. ह्या दिवशीं घरीं किंवा देवळांत पायऱ्यापायऱ्यांची एक वेदी मांडून तिच्यावर भाकऱ्या, फळें, भाज्या व पक्वान्नें रचतात. उपवासाचा काळ असल्यानें मांस वर्ज्य असतें. योसेफ सुतार होता, म्हणून शेवयांसारख्या पदार्थावर चीजऐवजीं भाकरीचा भाजलेला चुरा घालतात. तो त्याच्या करवतीचा भुसा. मुलें मरीया, योसेफ व बालक येशू यांचीं सोंगें घेऊन दारावर थाप मारतात. पहिल्या दोन दारीं त्यांस नकार मिळतो, तिसऱ्या दारीं स्वागत होतें. त्यानंतर येईल त्याला जेवण. कित्येक ठिकाणीं अशीही चाल होती कीं, वेदी मांडणाऱ्या बाईनें, ती सुखवस्तु असली तरी, लागणारें सामान शेजारीपाजारीं मागून जमवावें. आपला पैसा असतां पदर पसरावा, ही गोष्ट आम्हांस वेदीच्या सर्व शोभेपेक्षां मोठी वाटते.

ह्या वेदीवर कुच्चिदाती असावयाचीच. आणि तिच्यामुळेंच हें पक्वान्न समुद्र ओलांडून गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सिसिलींतील गरीब शेतकरी जहाजें भरभरून अमेरिकेस जाऊं लागले. पालेर्मोहून सरळ न्यू ऑर्लीन्स बंदरास जहाजें जात; पुष्कळांस जवळच्या उंसाच्या मळ्यांत काम मिळालें, आणि शहराचा जुना फ्रेंच भाग त्यांच्या वस्तीमुळें लोक ‘छोटें पालेर्मो’ म्हणूं लागले. त्यांचें स्वागत गोड झालें नाहीं. १८९० सालीं शहराच्या पोलीस प्रमुखाचा खून झाला व त्याचा आळ इटालियन लोकांवर आला. न्यायालयांत कोणावरही गुन्हा शाबीत झाला नाहीं. तेव्हां १४ मार्च १८९१ रोजीं हजारोंचा जमाव तुरुंगावर चालून गेला, आणि त्यानें इटालियन वंशाच्या अकरा जणांस ठार केलें. शहराच्या महापौरांनीं त्याबद्दल अधिकृत क्षमा मागितली ती २०१९ सालीं.

तारीख पुन्हा पाहावी. संत योसेफाचा सण तेथून पांच दिवसांवर होता. ज्या शहरांत असें घडलें त्याच शहरांत ह्या लोकांनीं पुढें वर्षानुवर्षें आपलीं दारें उघडीं टाकून परक्यांस जेवावयास बोलाविलें, आणि आज १९ मार्चच्या वेद्या ही न्यू ऑर्लीन्स शहराची एक ओळखच होऊन बसली आहे. देवळांच्या दालनांतून म्हाताऱ्या बायका कित्येक आठवडे आधीं जमतात. एक अंजिरें निवडते, एक लाटते, एक चिरा देते, आणि तरुण मुली बसून शिकतात. कित्येक ठिकाणीं अंजिराची मोठी सपाट पोळी करून, वरच्या कणकेंत सुरीनें नक्षी कोरून, तिला क्रूसाचा किंवा हृदयाचा आकार देतात. आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातीं परततांना एक पिशवी मिळते. तींत एक वाळलेला वालासारखा दाणा असतो व बहुधा कुच्चिदातीचे एकदोन तुकडे असतात. दाणा पैशांच्या पाकिटांत ठेवावा म्हणजे तें रिकामें होत नाहीं, अशी समजूत आहे.

योगायोग असा कीं, ह्याच १८९१ सालीं अमेरिकेच्या दुसऱ्या टोंकास, बॉस्टन शहराजवळच्या केनेडी नांवाच्या बिस्किटांच्या कारखान्यांत, अंजीर भरलेलें एक बिस्कीट यंत्रावर निघूं लागलें. जेम्स हेन्री मिचेल ह्या गृहस्थानें एक यंत्र योजिलें होतें. त्यांत एका नरसाळ्याच्या पोटांत दुसरें नरसाळें बसविलेलें असे; आंतल्यांतून अंजिराचा मुरंबा व बाहेरच्यांतून कणीक एकदम बाहेर पडे, आणि भरलेली नळी न तुटतां निघत राही. ती कापावी व भाजावी, कीं झालें. जवळच्या न्यूटन गांवाच्या नांवावरून त्या बिस्किटास न्यूटन म्हणूं लागले. लवकरच तें सर्व देशभर पसरलें, आणि आज पुष्कळ लोकांस अंजीर म्हटलें म्हणजे तेंच आठवतें. आम्ही त्यास नांवें ठेवीत नाहीं. चहाबरोबर तें बरें लागतें, स्वस्त असतें, आणि एक गरीब मूलही तें विकत घेऊं शकतें. परंतु यंत्रानें काय घेतलें व काय सोडलें तें पाहावें. अंजीर घेतलें, कणीक घेतली. बदाम, साल, मसाला, मुरण्याचे दिवस व सुरीच्या चिरा सोडून दिल्या, कारण नळींतून त्या जात नाहींत.

एक पक्वान्न माणसांबरोबर गेलें व एक मालाबरोबर. जें मालाबरोबर गेलें तें सर्वत्र मिळतें. जें माणसांबरोबर गेलें तें त्या माणसांच्याच वस्तींत मिळतें, तेंही ठराविक दिवसांत, आणि बहुधा विकत नव्हे तर पाहुणा म्हणून. एका तुकड्यास जितके हात लागतात त्यांची मजुरी धरली तर त्याची किंमत दुकानांत कोणी देणार नाहीं. दहा बायका एकत्र बसल्या तर मात्र मजुरीचा प्रश्नच उरत नाहीं; तो दिवस त्यांचा सणच असतो. ह्यांत धोका आहे तोही उघड आहे. त्या दहांच्या पांच झाल्या, पांचांच्या दोन झाल्या, आणि घरोघरच्या त्या न लिहिलेल्या कृति त्यांच्याबरोबर गेल्या, तर बाजारांतून परत आणतां येईल अशी ही वस्तु नव्हे.

आपल्याकडे पुरंदर तालुक्यांत, सासवड व दिवे ह्या बाजूस, उत्तम अंजीर पिकतें. २०१६ सालीं त्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. वर्षांत खट्टा व मीठा असे त्याचे दोन बहार घेतात. परंतु तें मुख्यतः ताजें खाण्याचें फळ आहे. दोऱ्यांत ओंवलेलीं सुकीं अंजिरें आपल्या बाजारांत येत आलीं तीं बहुतांशीं अफगाणिस्तानांतून. त्यामुळें अंजीर आपल्या घरीं फळ म्हणून किंवा औषध म्हणून राहिलें. बर्फींत तें शिरलें, पण करंजींत शिरलें नाहीं.

ज्या विद्यार्थिनींस करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं आपल्या स्वयंपाकघरास जुळेल असें प्रमाण देतों. अर्धा किलो सुकीं अंजिरें, शंभर ग्रॅम मनुका, बदाम व अक्रोड प्रत्येकीं शंभर ग्रॅम, एका संत्र्याची किसलेली साल व त्याचाच रस, तीन मोठे चमचे मध, एक लहान चमचा दालचिनीची पूड व तीनचार लवंगा कुटून. हें सारण एक रात्र झांकून ठेवावें. कणकेस अर्धा किलो मैदा, दीडशें ग्रॅम तूप, दीडशें ग्रॅम पिठीसाखर, दोन अंडीं व लागेल तेवढें दूध. मध्यम आंचेच्या, म्हणजे सुमारें १८० अंशांच्या भट्टींत वीसपंचवीस मिनिटें पुरतात. घरीं भट्टी नसेल तर पूर्वीं नानकटाईचें पीठ घेऊन जात तसे भरलेले तुकडे ताटांत मांडून बेकरींत न्यावे. साखरेचा लेप तुकडे पुरते निवल्यावरच द्यावा, नाहीं तर तो वितळून खालीं ओघळतो. आणि चव तिसऱ्या दिवशीं अधिक येते, तोंवर डबा झांकलेला राहिला तर.